अक्षरं काढायला विलायतेला कशाला जायचं?

मागच्या अंकात ओघात लिहून गेले, की माझं पोट इंग्लंडमध्ये देवनागरी फॉन्ट तयार करण्यावर चालतं आणि त्याआधी मी रेडिंग विद्यापीठात वर्षभर हेच शिकले. त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठाच संपादकांनी पाठवून दिला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून पाच पत्रं निवडली आहेत. ज्यांनी "माझ्या हस्ताक्षराचा फॉन्ट करून द्या" एवढंच लिहिलंय, त्यांना सप्रेम नमस्कार.

पहिलं पत्र: मी सांगलीची. उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॅलिग्राफी करते. लग्नपत्रिका, नाटकांची शीर्षकं, दुकानांच्या पाट्या अशी कामंही मिळतात. रेडिंगचा टाइपफेस डिझाइनचा एम.ए. केला तर परदेशात नोकरी मिळेल का? आणि पोर्टफोलिओत काय ठेवू?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलंय.

लग्नपत्रिका दोन ठेव, फार तर तीन. तुझा हात चांगला आहे हे त्यातून कळेल, पुढचं काही कळणार नाही. शीर्षक काढताना तुला शब्द माहीत असतो. 'वाडा' लिहायचंय तर 'वा'चा काना कुठे वळवायचा आणि 'डा'चं पोट किती फुगवायचं हे तू त्या दोन अक्षरांपुरतं ठरवतेस. फॉन्टमधल्या अक्षराला एस.टी.त खिडकीशी बसलेल्या माणसासारखं राहावं लागतं. शेजारी कोण येऊन बसेल याची काही शाश्वती नाही आणि आला तो कसाही असला तरी सांभाळून घ्यावं लागतं. तुझा 'क' 'ट'शेजारी, 'ळ'शेजारी, 'ष्ट्र'शेजारी, सगळीकडे नांदला पाहिजे.

म्हणून पोर्टफोलिओत मजकुराची अक्षरं हवीत. एखादं जुनं, शिशाच्या खिळ्यांवर छापलेलं पुस्तक घे. निर्णयसागर छापखान्याचं मिळालं तर सोन्याहून पिवळं. सांगलीतल्या जुन्या ग्रंथालयात नक्की सापडेल. भिंगाखाली धर आणि पंधरा-वीस अक्षरं निरखून काढ. त्यांची हुबेहूब नक्कल नको. त्या अक्षरांवरून तुला काय सुचलं, जाडीचं काय केलंस, शिरोरेषा किती ठेवलीस आणि का, हे सगळं दिसलं पाहिजे. मग दहा पॉइंटात, म्हणजे पुस्तकातल्या मजकुराएवढ्या आकारात, एक परिच्छेद छापून जोड. चुकलेले कागदही जोड, त्यावरच्या पेन्सिलीच्या खुणांसकट. निवड करणारे लोक तयार फॉन्ट मागत नसतात. तुला दिसतं का, आणि दिसलेलं शब्दांत सांगता येतं का, हे ते पाहतात.

'दिसणं' म्हणजे काय ते एका वेलांटीवरून सांगते. ऱ्हस्व वेलांटीची कमान जिथे अक्षराचा दांडा असेल तिथवर पोचायला हवी. 'कि'मध्ये ती अर्ध्यावरच्या दांड्याशी येते, 'णि'मध्ये बरीच पुढे जाते, 'स्थि'मध्ये आणखी लांब. म्हणजे एकच वेलांटी पुरत नाही, निरनिराळ्या रुंदीच्या बऱ्याच काढाव्या लागतात, आणि कुठल्या अक्षराला कुठली लावायची हे फॉन्टच्या आत लिहून ठेवावं लागतं. वर्गात पानं छापून भिंतीवर टाचायची आणि चार पावलं मागे जाऊन बघायचं, अशी पद्धत होती. माझ्या शेजारी अरबी करणारी मुलगी होती. तिला देवनागरीतलं अक्षरही वाचता येत नव्हतं, पण "या ओळीत तीन ठिकाणी छत्री आखूड पडलीय" हे तिने बरोब्बर बोट ठेवून दाखवलं. छत्री म्हणजे वेलांटीची कमान. मी तो मजकूर वाचत होते, म्हणून मला ते दिसत नव्हतं. त्या वर्षाची फी मी कशासाठी भरली असं कोणी विचारलं, तर मी हा प्रसंग सांगते.

आता नोकरीचं. हा अभ्यासक्रम १९९९पासून चालतो, मुदत एक वर्ष, वर्ग छोटा. तिथे इतिहास आहे, निबंध आहेत, लॅटिन, म्हणजे इंग्रजीची अक्षरंही काढावी लागतात. विभागाकडे लॅटिनेतर लिप्यांच्या टाइपचा मोठा संग्रह आहे. लायनोटाइपसारख्या कंपन्यांनी भारतीय लिप्यांसाठी काढलेली मूळ रेखाटनं तिथे हात लावून बघता येतात. लायनोटाइपमध्ये ते काम ज्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं, त्या फिओना रॉस नंतर रेडिंगमध्येच शिकवायला आल्या. त्या संग्रहातल्या ड्रॉवरसमोर एखादी दुपार काढलीस की परत जागेवर येऊन आपलं काम पुसावंसं वाटतं, आणि ते बऱ्यासाठीच असतं.

पण पदवीचा कागद बघून नोकरी दिलेली मी कुठे पाहिली नाही. वर्षाअखेरीस हातात जो फॉन्ट असतो, तो बघून देतात. डेव्हिड ब्रेझिना या चेक डिझाइनरचा 'स्कोलर' हा असाच रेडिंगमधल्या अभ्यासातून निघालेला फॉन्ट. पुढे त्याला देवनागरीची जोड मिळाली आणि त्यांनी काढलेली 'रोझेटा' ही संस्था अनेक लिप्यांच्या कामासाठी ओळखली जाते. 'टाइपटुगेदर'चे दोघं संस्थापक, एक चेक आणि एक अर्जेंटिनाचे, रेडिंगच्या वर्गातच भेटले आणि २००६मध्ये त्यांनी धंदा सुरू केला. तेव्हा वर्गातली शेजारची माणसं नीट ओळखून ठेव. पहिलं काम बहुधा त्यांच्यातलंच कोणीतरी देतं.

रेडिंगचंच नाव धरून बसू नकोस. नेदरलँड्समध्ये हेगच्या रॉयल अकादमीत 'टाइपमीडिया' आहे, तेही वर्षभराचं, आणि दरवर्षी जेमतेम बाराएक जणांना घेतात. तिथे हात जास्त चालतो, रेडिंगला वाचन जास्त. तुझ्या पत्रावरून तुझा हात आधीच तयार दिसतो, म्हणून मी असते तर रेडिंगच निवडलं असतं. आणि चौथं वर्ष संपलं की लगेच विमानात बसू नकोस. वर्ष-दोन वर्षं कुठेतरी मजकुराशी झटापट कर, प्रकाशनगृहात, वर्तमानपत्रात, कुठेही.

दुसरं पत्र: लातूर जिल्ह्यातून लिहितोय. जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालो. मुलगी 'फॉन्ट शिकायला' इंग्लंडला जायचं म्हणते. खर्च पस्तीस लाखांच्या वर सांगते. शेत तारण ठेवावं लागेल. हे शिक्षण आहे की हौस, एवढंच सांगा.

गुरुजी, शिक्षण आहे. पण तुमचा खरा प्रश्न शेताचा आहे, म्हणून आकड्यांवरच बोलते.

परदेशी विद्यार्थ्याची फी वर्षाला २० हजार पौंडांच्या वर जाते. लंडनबाहेर राहायचं तर दरमहा १,१७१ पौंड या हिशोबाने नऊ महिन्यांची रक्कम, म्हणजे १०,५३९ पौंड, खात्यात सलग २८ दिवस दाखवावी लागते. व्हिसाची ती अट आहे. वर आरोग्य अधिभार, वर्षाला ७७६ पौंड, आणि व्हिसाची मुदत वर्षाहून जास्त असल्याने तोही थोडा वाढतो. तेव्हा मुलीने सांगितलेला आकडा फुगवलेला नाही.

शिकत असताना कमावून भरून काढेन असं ती म्हणत असेल, तर त्यावर विसंबू नका. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच नोकरी करता येते, आणि विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय करायला मनाई आहे. म्हणजे कॅफेत कपबश्या विसळलेल्या चालतात, पण तिच्या कलेचं काम बिल फाडून घेतलेलं चालत नाही. गंमतच आहे, पण नियम असा आहे.

शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो. आजवर तो दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना आणि एम.ए.वाल्यांना १८ महिनेच मिळणार आहेत. या काळात स्वतंत्र कामही करता येतं, हा त्यातला मोठा फायदा. खरी अडचण त्याच्यापुढे येते. पुढे नोकरीवर राहण्याच्या 'स्किल्ड वर्कर' व्हिसासाठी वर्षाच्या पगाराची सर्वसाधारण अट जुलै २०२५पासून ४१,७०० पौंडांवर गेली. नवख्यांना थोडी सवलत आहे, तरी ३३,४०० लागतातच. शिवाय मालकाकडे परदेशी माणूस ठेवायचा परवाना हवा. फॉन्टच्या धंद्यात चार-पाच माणसांच्या संस्था भरपूर. त्यांना काम आवडलं तरी परवान्याचं झंझट नको असतं. तेव्हा मुलीची मेहनत कमी पडली नाही तरी दीड वर्षाने ती परत येण्याची शक्यता आहे, आणि घराचा हिशोब ती शक्यता धरूनच करा. परत आली तर मुंबईत बसून परदेशातली कामं करणारे लोक आहेत. पण रुपयात आलेल्या पैशाने पौंडाचं कर्ज फेडायला वेळ लागतो.

म्हणून माझं स्पष्ट मत, अख्खं शेत पणाला लावून जाऊ नये. साडेसात लाखांच्या पुढे बँका बहुधा तारण मागतात, ते तुम्हाला कळलंच असेल. आधी शिष्यवृत्त्यांचं एक पूर्ण वर्ष घालवा. फेलिक्स शिष्यवृत्ती भारतीय विद्यार्थ्यांसाठी आहे आणि ती रेडिंगलाही लागू आहे. गुण उत्तम आणि परिस्थिती बेताची अशांसाठीच ती आहे. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२पासून कर्जाऊ शिष्यवृत्ती देतं. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. तिची पुढे नोकरी तिकडेच करायची इच्छा असेल तर ते जमणार नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला जागतिक क्रमवारीची अट असते, आणि एक मेख लक्षात ठेवा, कलेच्या छोट्या अकादम्या त्या सर्वसाधारण क्रमवारीत नसतातच. हेगची अकादमी कितीही नावाजलेली असली तरी अशा यादीत सापडायची नाही. रेडिंग हे पूर्ण विद्यापीठ असल्याने तिथे हा प्रश्न कमी येतो.

आणि परदेशी शिक्षणाची दुकानं मांडून बसलेल्या सल्लागारांकडे या विषयासाठी जाऊ नका. विद्यापीठांकडून मिळणाऱ्या दलालीवर त्यांचं चालतं, म्हणून ते तिला 'कम्युनिकेशन डिझाइन'च्या कुठल्याशा मोठ्या वर्गात बसवून देतील.

तिसरं पत्र: मी फोंड्याची. कोकणी आणि मराठी दोन्ही घरच्या. देवनागरी ज्यांची मातृलिपी, त्यांना तिकडे आपसूक मागणी असेल ना?

आपसूक काही नाही, बाई. एरिन मॅकलॉफलिन ही अमेरिकन डिझाइनर रेडिंगला शिकली आणि तिने केलेला 'खुला' हा देवनागरी फॉन्ट आज कोणीही फुकट वापरू शकतं. हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मूर्ती क्लासिकल लायब्ररी' या भारतीय अभिजात ग्रंथांच्या मालिकेची पुस्तकं २०१५पासून येऊ लागली. त्यांची देवनागरी फिओना रॉस आणि जॉन हडसन यांची. त्यावर आधारलेला 'टिरो देवनागरी' गूगल फॉन्ट्सवर हिंदी, संस्कृत आणि मराठी असा तीन वेगळ्या रूपांत आहे. मराठीचा 'ल' आणि 'श' वेगळा असतो, हे कॅनडातल्या हडसनसारख्या माणसाने ध्यानात ठेवलं. आपल्याकडच्या कित्येक दुकानांच्या पाट्यांवर हिंदी वळणाचा 'ल' बसलेला असतो आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही.

लिपी शिकून घेता येते आणि ती माणसं मनापासून शिकतात. तुमच्याकडे जे आहे ते निराळं, तुम्ही रोज भराभर वाचता. वाचताना डोळा कुठे अडखळला हे तुम्हाला त्या क्षणी कळतं. 'दऱ्या' आणि 'दर्या' घ्या. पहिल्यात आडव्या मिशीसारखा र, दुसऱ्यात रफार. फॉन्टच्या आत त्या मिशीच्या 'र'साठी वेगळी आकृती आणि वेगळा नियम लागतो. तो नसला की 'कुऱ्हाड', 'वाऱ्यावर', 'म्हाताऱ्या' हे सगळे शब्द पाय मोडून पडतात. हिंदीपुरती चाचणी करणाऱ्या माणसाला हा दोष वर्षभर दिसणार नाही, कारण हिंदी मजकुरात तो र येतच नाही. 'ॲ'चंही तसंच. मला सुरुवातीची कामं मिळाली ती अशीच. कोणाचा तरी अर्धाकच्चा फॉन्ट यायचा, मी त्यात मराठी मजकूर ओतायचे, आणि कुठे काय तुटतंय याची यादी कारणांसकट पाठवायचे. 'कारणांसकट' महत्त्वाचं. "हे बरं दिसत नाही" एवढ्यावर कोणी पैसे देत नाही. कोकणीची अशी यादी करणारं माझ्या पाहण्यात कोणी नाही. तुम्ही करा.

चौथं पत्र: पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. फॉन्टचं वेड आहे, पण चित्रकला यथातथाच. माझं काही होईल का?

होईल, आणि कदाचित सांगलीच्या मुलीआधी होईल. देवनागरी फॉन्टमध्ये सहाशे-सातशे आकृत्या सहज असतात, आणि त्यांच्यातले नियम, म्हणजे कशाच्या जागी काय यावं, मात्रा कुठे बसावी, रफार कुठून कुठे उडी मारेल, हे सगळं ओपनटाइप या फॉन्टच्या प्रमाण पद्धतीच्या भाषेत लिहायचं असतं. हे काम करणाऱ्याला फॉन्ट इंजिनिअर म्हणतात. पायथॉन येत असेलच. हार्फबझ हे मजकूर मांडणारं इंजिन खुलं आहे, ब्राउझरपासून अँड्रॉइडपर्यंत चालतं. त्याचा कोड वाचा. चित्र काढणारे शंभर अर्ज येतात तिथे असे दोन येत असतील, हा माझा अंदाज. डिझाइनच्या पदवीसाठी धावू नका. काही महिने एखाद्या खुल्या फॉन्टच्या दुरुस्त्या करा, नाव दिसू लागलं की लोक आपणहून विचारतात.

पाचवं पत्र: इचलकरंजीत डीटीपीचं दुकान आहे, वय ४४. पंचवीस वर्षं पत्रिका, वार्षिक अहवाल, कारखान्याचे फॉर्म जुळवतोय. परदेश आता होणे नाही. पण तुमचं वाचून वाटलं, आपलंही राहून गेलं.

दादा, तुम्ही माझ्या गावाशेजारचे, म्हणून मोकळेपणाने लिहिते. जे शिकायला लोक पैसे भरतात त्यातलं निम्मं तुमच्या डोळ्यांत आधीच आहे. कुठला फॉन्ट लहान आकारात चोंदतो, कुठल्याचा उकार खालच्या ओळीत घुसतो, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल.

शिवाय ही विद्या काही विलायतेत जन्मली नाही. तुमच्या विंडोजमध्ये बसलेला 'मंगल', ज्याला सरकारी कचेऱ्यांतली माणसं उठता-बसता नावं ठेवतात, तो र. कृ. जोशींचा. ते जे. जे.त शिकले, जाहिरातींत उमेदवारी केली आणि पुढे पवईच्या आयआयटीत, तिथल्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवलं. पडद्यावरच्या त्या जाड्याभरड्या ठिपक्यांच्या काळात त्यांनी तो बसवला होता, हे नावं ठेवणाऱ्यांच्या गावीही नसतं. आयडीसीने २००८मध्ये 'टायपोग्राफी डे' ही परिषद सुरू केली. तिथे आडकाठी नाही, कोणीही नाव नोंदवून जावं. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले 'मुक्ता', 'बलू', 'मोदक' हे फॉन्ट जगभर फुकट वापरले जातात आणि त्यांचा परवानाही खुला आहे.

तर असं करा. फॉन्टफोर्ज नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोजवर चालतं. दिसायला रुक्ष आहे, घाबरू नका. 'मुक्ता' उतरवून घ्या आणि त्यात उघडा. आधी 'ऱ' शोधा, मग त्याची मिशी कुठे ठेवलीय ते बघा. मग वेलांट्या मोजा. रविवारी दुकान बंद असतं तेव्हा बसा, आणि अडलात की संपादकांच्या पत्त्यावर मला लिहा; तुम्हाला छापून नाही, थेट उत्तर देईन.